पंचावन्न किलोच्या आत

टेंभुर्णी
१७ जून १९९९

चि. वसंतास,

जयभीम. सुमेध तुझ्याकडे पोचला असेल. पोचल्याचं कार्ड टाक असं त्याला बजावलं होतं, ते आलेलं नाही. आष्टीला टपालपेटी आहे ना?

दहावीचा निकाल लागेल तसा लागेल, पास होईल एवढं नक्की. पुढचं शिक्षण टेंभुर्णीत करायचं नाही, हे मी त्याचे वडील गेले तेव्हाच ठरवलं होतं. आमच्या घरापासून बसस्टँडकडे जाताना दारूचं दुकान चुकत नाही. तिथं बसणारे त्याच्या वडिलांचे दोस्त पोराला "या, हिवाळे गुरुजी" म्हणून हाक मारतात. सोळा वर्षांच्या पोराला. त्यांना ती गंमत वाटते. त्याच्या वडिलांनाही पहिल्यांदा अशीच कोणीतरी गंमत म्हणून हाक मारली होती.

तू निर्व्यसनी आहेस, म्हणून तुझ्याकडे पाठवला. माझ्या माहेरात दारूला हात न लावलेला पुरुष शोधायचा तर तू एकटाच सापडतोस. निघताना मी त्याला विहारात नेलं, पाचवं शील त्याच्याकडून मोठ्यानं म्हणवून घेतलं. तरी शब्दावर विसंबून राहू नकोस. दर शनिवारी समोर उभा करून "हा कर" म्हण आणि वास घे. मी त्याच्या वडिलांना बारा वर्षं उंबऱ्यात अडवून हेच करायला लावत होते. पोरानं ते पाहिलेलं आहे, त्याला नवल वाटणार नाही.

इकडे शाळा उघडली. शनिवारी वर्ल्डकपमध्ये भारत हरला, तर सोमवारी आमचे दोन गुरुजी आजारी. तिसरे आले, पण सुतक असल्यासारखे तोंड पाडून फळ्याकडे पाठ करून बसले. मी विचारलं, तुमच्या घरचं कोण होतं संघात? तर म्हणाले, बाई, तुम्हाला नाही कळायचं. खरं आहे. मला पहिलीतल्या पोरांना बाराखडी आली नाही की वाईट वाटतं, तेवढंच कळतं.

बेबीनंदाला सांग, पोराला तिखट लागतं, हात आखडू नकोस. आणि आष्टीच्या बाजारातली मिश्री इथल्यापेक्षा बरी असते. पावशेर घेऊन ठेव, दिवाळीला त्याच्याबरोबर पाठव.

सत्यशीला


आष्टी
९ ऑगस्ट १९९९

आक्कास वसंताचा जयभीम.

उशीर झाला, रागावू नको. कार्ड टाकायला पोराला वेळच न्हाई, कारण ऐक.

मी शाळेच्या मैदानावर आमच्या कबड्डी संघाचा सराव घेऊन राह्यलो होतो. तुझा लेक कडेला उभा. एक गडी कमी होता म्हणून त्याला आत घेतला. आक्का, पोरगं पहिल्याच चढाईत दोघांना शिवून परत आलं. पाय असे की जमिनीला लागतात का न्हाई कळत नाही. दम तर विचारूच नको. "कबड्डी कबड्डी" म्हणत त्या कोपऱ्यापासून ह्या कोपऱ्यापर्यंत, मध्ये श्वास न्हाई. तेरा वर्षं मी पीटीचा मास्तर आहे, असा दम पाहिला नव्हता.

आपल्या भागात स्पर्धा वजनावर असतात, तुला माहीत नसेल म्हणून लिहितो. पंचावन्न किलोचा संघ म्हणजे पंचावन्नच्या आत भरलेले सात गडी. आडत दुकानातला धान्याचा काटा मैदानात आणून ठेवतात आणि एकेक जण चढतो. काट्याची दांडी खाली गेली की तो घरी. सुमेध सध्या अठ्ठावन्न भरतो. तीन किलो उतरवले की आपल्या गावाचं काम झालं.

"हा" करायचं पहिल्या शनिवारी सांगितलं तर हसला. म्हणला, मामा, तुम्ही पण? मंग केला. वास बिलकुल न्हाई. दर शनिवारी चालू आहे. पोरगं सोन्यासारखं आहे, तू निवांत राहा.

मिश्री घेऊन ठेवलीय.

तुझा
वसंता


टेंभुर्णी
२० नोव्हेंबर १९९९

चि. वसंतास,

पोर दिवाळीला आलं आणि गेलं. मिश्री मिळाली. चांगली आहे, पण जरा जास्त भाजलेली.

आता माझं ऐक. मी चकल्या केल्या, शंकरपाळे केले, त्यानं हात लावला नाही. सकाळी उठून अंगाभोवती घोंगडी गुंडाळून जाफ्राबादच्या रस्त्यानं पळत गेला. लोक विचारायला लागले, बाईंच्या पोराला ताप आहे का. मी विचारलं तर म्हणाला, घाम काढतोय, हसनाबादला स्पर्धा आहे. मी त्याला वाढवायला सतरा वर्षं घालवली आणि तू तीन किलो उतरवायला निघालास.

आणि तोंडाला वेलचीचा वास येतो. मी विचारलं, तर म्हणतो, मुखवास आहे आई, भूक लागत नाही त्यानं. वसंता, वेलचीनं कोणता वास झाकतात ते मला सांगू नकोस. त्याचे वडीलही खिशात वेलची ठेवायचे. मी दोनदा "हा" करायला लावलं, काही नव्हतं. पण तू लक्ष ठेव. शनिवारी नको, आता रोज घे.

खेळाबद्दल माझं मत तुला माहीत आहे. खेळणाऱ्याचं मी समजू शकते, त्याचं अंग तयार होतं. बघणाऱ्यांचं मला कधी कळलं नाही. दुसऱ्याच्या अंगानं जिंकायची ही कसली हौस? दारू पिणाऱ्यालाही असंच वाटतं, आपण काहीतरी मोठं केलं. सकाळी उठून बघावं तर केलेलं काहीच नसतं. फरक एवढाच की दारूत स्वतःचं लिव्हर जातं, आणि यात पोरगं दुसऱ्याचं असतं.

शेंगदाण्याचे लाडू पाठवले आहेत. समोर बसवून खायला घाल.

सत्यशीला


आष्टी
१२ मार्च २०००

आक्कास जयभीम.

हसनाबादची ढाल आणली. जीपच्या टपावर पोरं, खाली हलगी, गाव वेशीपर्यंत आलं होतं. ज्या गल्लीतून आपल्याला कोणी चहाला हाक मारत नव्हतं, त्या गल्लीत आपल्या सुमेधला खांद्यावर घेतलं. ते पाहिलं असतं तर तू हौस-बिऊस लिहिलं नसतंस.

फोटो पाठवतो. डावीकडून तिसरा. बनियन नवीन आहेत, एका एजन्सीनं संघाला फुकट दिले, पाठीवर त्यांचं नाव आहे. फोटो समोरून आहे म्हणून दिसत न्हाई.

लाडू पुन्हा पाठवू नको. चावायला वेळ लागतो आणि खेळणाऱ्याला हलकं बरं. त्यापेक्षा सातूचं पीठ दे, दुधात कालवून पितो. ठेचाही नको. त्याचं तोंड येतं सारखं, उष्णता आहे. अकरावीचा अभ्यास चालू आहे.

"हा" रोज घेतो. वास न्हाई म्हणजे न्हाई.

वसंता


टेंभुर्णी
२८ ऑगस्ट २००१

चि. वसंतास,

तुझं पत्र येत नाही म्हणजे सगळं बरं असणार, असं समजून मी इतके दिवस गप्प होते. आता सुमेध बी.ए.ला आला. राखीला आला होता, त्याच्याबद्दल लिहायचं आहे, पण आधी बेबीनंदाबद्दल.

पोर ताटावर बसलं आणि मी ज्वारीची भाकरी वाढली, तर त्यानं ती कुस्करली, वरण ओतलं, पार लगदा केला आणि बोटानं आत सारत बसला. मी म्हटलं, ही काय पद्धत? म्हणाला, मामीकडे असाच काला खातो. अठरा वर्षांच्या पोराला म्हाताऱ्यासारखं खायला कोणी शिकवलं? बेबीनंदाला भाकरी मऊ करता येत नसेल तर तसं सांग, मी येऊन शिकवते. ठेच्याचं बोट लागलं तर डोळ्यांत पाणी. माझ्या घरात तिखटानं डोळे पुसणारा हा पहिला.

बोलतोही तोंडातल्या तोंडात. मी वर्गात अशा पोरांना बाकावर उभं करते. तुझ्या फोटोतही बाकीचे सहा जण दात दाखवून हसतात आणि हा ओठ मिटून. मी म्हटलं, कॅप्टन झालास म्हणून हसायचं बंद केलंस का? तर नुसता मान हलवतो. मोठेपणा डोक्यात गेला असेल तर उतरव.

शाळेचं सांगायचं तर नव्या वर्गांच्या भिंती रंगवून महिना झाला नाही तोवर कोपरे लाल. मैदानात पुड्यांच्या रिकाम्या कागदांचा सडा. पाचवीतली पोरं खातात, गुरुजी खातात, शिपाई तर झोपेतही खात असेल. मी प्रार्थनेनंतर सगळ्यांना उभं करून सांगितलं, काय घाण खायची ती घरी खा, शाळेत थुंकलेलं दिसलं तर त्याच हातानं भिंत धुवायला लावीन. आठ दिवसांत तिघांनी भिंत धुतली. आता भिंती स्वच्छ आहेत. शिस्त लावली तर लागते.

दारूचं तुला दर वेळी विचारते, याही वेळी विचारते. खरं सांग.

मिश्री संपत आली आहे.

सत्यशीला


आष्टी
१८ जानेवारी २००२

आक्कास जयभीम.

दारू न्हाई. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो.

आता एकच मागणं. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी आष्टीला आपल्याच मैदानावर फायनल आहे. जिल्ह्यातले बारा संघ. सुमेध कॅप्टन. तू एकदाही त्याला खेळताना पाहिलेलं न्हाई. पोरगं बोलत न्हाई, पण मला माहीत आहे, त्याची फार इच्छा आहे. बायकांसाठी वेगळी सतरंजी टाकलीय. ये. तुझं मत नंतर लिही.

वसंता


टेंभुर्णी
५ फेब्रुवारी २००२

वसंता,

पाहिलं. आता मत लिहिते.

मी बेबीनंदाशेजारी सतरंजीवर बसले होते. शेवटची काही मिनिटं होती, तुमचा संघ एका गुणानं मागे. सुमेध चढाईला गेला. पाय चांगले चालत होते, ते मलाही कळलं. पण त्याच्या तोंडून शब्द निघत नव्हता. "कबड्डी" नव्हे, नुसतं घुंगूं घुंगूं, गोणीत तोंड घालून बोलावं तसं. पंचानं शिट्टी मारली. शब्द स्पष्ट नाही, दम तुटला, गडी बाद. मैदान खवळलं. ज्यांनी त्याला खांद्यावर घेतल्याचं तू कौतुकानं लिहिलं होतंस, तेच ओरडत होते. माझ्या मागे एक जण म्हणाला, "टाकून आलंय बेनं."

मला ती जीभ ओळखता येते. बारा वर्षं मी त्या जिभेशी संसार केला आहे.

मी उठले, मैदानात गेले. बेबीनंदा पदर धरत होती, तो सोडवला. सगळ्यांसमोर त्याच्या पुढ्यात उभी राहिले आणि म्हटलं, "तोंड उघड. हा कर." तो नुसता बघत राहिला. मी पुन्हा म्हटलं. ओठ जरासे हलले, दात मिटलेलेच. ज्याच्या तोंडाला वास नसतो त्याला तोंड उघडायला काय होतं? मी त्याच्या कानाखाली मारली. त्यानं हात वर केला नाही. आणि तू शिट्टी गळ्यात अडकवून पंचाशी भांडत होतास, गुण परत द्या म्हणून.

तो वळला तेव्हा पहिल्यांदा त्याची पाठ पाहिली. माझ्या पोराच्या पाठीवर एका पुडीची जाहिरात.

त्याला सांग, टेंभुर्णीचं घर त्याला बंद. एका माणसाला मी उंबऱ्यातून आत घेत राहिले, दुसऱ्याला घेणार नाही. तूही पत्र लिहू नकोस.

सत्यशीला


आष्टी
१४ फेब्रुवारी २००२

आक्का,

बेबीनंदाचा जयभीम. मी सातवी शिकलेली, चुकलं तर समजून घ्या. हे म्हणतात, पत्र लिहायचं न्हाई, आक्काचा तसा हुकूम हे. मी चोरून लिहून राह्यले.

सुमेध दारू पेला न्हवता. कधीच पेला न्हाई. आक्का, त्याचं तोंडच उघडत न्हाई.

मला लाज वाटते, पण सांगते. वजन उतरवायला यांनीच सगळ्या पोरांना गुटख्याच्या पुडीची सवय लावली. पुडी तोंडात धरली की भूक मरते, आणि दिवसभर थुंकत राह्यलं की अंगातलं पाणी जातं. काट्यावर चढायच्या आधी दोन दिवस पोरं भाकर खात न्हवते, पुडीवरच राहत होते. बनियन देणारा एजन्सीवाला पुड्यांच्या माळा पण फुकट देत होता, त्या आमच्या कपाटात असायच्या. मी एकदा बोलले तर हे म्हणले, दारू थोडीच हे? पाचव्या शिलात दारूचं नाव हे, पुडीचं कुठं हे?

बाकीचे पोरं स्पर्धा झाली की सोडत होते, निदान कमी करत होते. सुमेधला सुटलीच न्हाई. दोन वर्षं झाले, तिखट लागत न्हाई, घास जात न्हाई. तुमचा पहिला लाडू मी फोडून फोडून त्याला दिला होता. माझी भाकर कडक न्हवती, आक्का. तेवढं मनाला लागलं होतं म्हणून लिहिते.

रोज "हा" करताना हे नाक पुढं करत होते. आत कोणी पाह्यलंच न्हाई.

पोरगं आता मैदानावर जात न्हाई. वळणावर जनावरांच्या गोठ्यात बसून राहतं. तुम्ही या. हे पत्र आल्याचं यांना सांगू नका.

बेबीनंदा


आष्टी
३ मार्च २००२

आक्का,

बेबीनंदानं काय लिहिलं ते मला कळलं. तिला मी काही बोललो न्हाई, तुला बोलतो.

मी पोराला बिघडवलं असं तू गावभर करशील. कर. मी काय विष दिलं? जिल्ह्यातले सगळे संघ असेच वजन उतरवतात. ज्यानं-त्यानं आपला आवर घालायचा असतो. बाकीची पोरं ठीक आहेत, एकाच्या नशिबात होतं त्याला मी काय करू? मी त्याला नाव मिळवून दिलं. तू त्याला काय दिलंस? चारचौघांत कानाखाली.

तीन वर्षांची तुझी पत्रं माझ्याकडं आहेत. प्रत्येकात दारू. दारू पितो का, दारूचा वास येतो का, दारूचं खरं सांग. एका पत्रात तू विचारलं का, की वसंता, पोरगं पुडी खातं का? न्हाई विचारलं. का विचारशील? तुझ्या न्हाणीच्या देवळीत मिश्रीचा डबा आहे आणि तो मीच भरून पाठवतो. ती पण तंबाखूच आहे, आक्का. सकाळी तासभर बोट तोंडात घातल्याशिवाय तुझा वर्ग सुरू होत न्हाई. मंग मी कोणत्या तोंडानं पोराला सांगायचं की पुडी हे व्यसन आहे? आपल्यात कोणी तसं मोजतच न्हाई. तू पण न्हाई मोजलं.

वसंता


टेंभुर्णी
११ ऑगस्ट २००२

वसंता,

मार्चच्या शेवटी मी आष्टीला आले तेव्हा तू मैदानावर होतास. मुद्दामच होतास. मी पोराला घेऊन गेले. त्यानंतर पत्र लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे, म्हणून लिहिते. तुझ्या पत्राला उत्तर म्हणून नव्हे.

औरंगाबादला सरकारी दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरीण पोरगी होती, माझी लेक शोभेल अशा वयाची. तिनं काही यंत्र लावलं नाही. सुमेधला म्हणाली, तुमच्याच हाताची तीन बोटं एकावर एक धरून उभी तोंडात घाला. निरोगी माणसाची तीन जातात. सुमेधचं एक गेलं, दुसरं दातांवर अडलं. गालाची आतली कातडी घट्ट झाली आहे, चामड्यासारखी, गेलेला मऊपणा परत येत नाही. गालात इंजेक्शनं देतात. ती म्हणाली, पुडी बंद राहिली तर आहे तेवढं टिकेल, थोडं सुटेलही. पुढे गाठ होईल का, ते आज सांगता येत नाही. दर तीन महिन्यांनी आणा. मी विचारलं, कबड्डी? तिनं मला पुन्हा विचारलं, काय म्हणालात? मी म्हटलं, काही नाही.

बाहेर बाकावर बसलो तेव्हा सुमेध बोलला. चार महिन्यांत तो माझ्याशी तेवढंच सलग बोलला आहे. म्हणाला, "आई, तू तोंड उघड म्हणालीस ना, तेव्हा मी उघडलंच होतं."

मी त्याला काय उत्तर दिलं ते तुला सांगणार नाही.

आता रोज शाळा सुटली की आम्ही ओट्यावर बसतो. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या आणि ओढ सोसायची. काही आठवड्यांनी एक काडी वाढवायची. त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं. मी शेजारी बसून वह्या तपासते, कारण त्याच्याकडे बघितलं की तो काड्या काढून टाकतो. आजवर दोनच काड्या वाढल्या. पुडी एप्रिलपासून बंद आहे. मध्ये दोनदा खाल्ली, स्वतः येऊन सांगितलं. मी ओरडले नाही. त्याला अंगाला कंप सुटतो, घरात फेऱ्या मारतो. हे सगळं मी आधी पाहिलेलं आहे. फक्त त्या वेळी बाटली होती म्हणून मला त्याचं नाव माहीत होतं.

गेल्या महिन्यात भारत लंडनला जिंकला. गल्लीत टीव्ही खिडकीत ठेवला होता, सुमेधही गेला होता. शेवटच्या धावेला सगळं गाव ओरडलं. मी दारातून पाहत होते. सुमेध टाळ्या वाजवत होता. ओरडायला तोंड उघडावं लागतं.

एक ऑगस्टपासून सरकारनं पुडीवर बंदी आणली. आमच्या स्टँडवरच्या टपरीवाल्यानं माळा आत नेऊन बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या. पोरं आता नुसतं बोट दाखवतात आणि त्याला कळतं. मी मुख्याध्यापकांना सांगून प्रार्थनेनंतरचा एक तास घेतला. भिंतीबद्दल काही बोलले नाही. पाचवी ते सातवीच्या पोरांना रांगेत उभं केलं, हात धुवायला लावले आणि म्हटलं, तीन बोटं तोंडात घाला. पोरांना खेळ वाटला, हसत होती. सातवीतल्या एकाची तिसरं बोट घालताना चिमटल्यासारखी मान हलली. त्याच्या आईला बोलावलं आहे. एका गुरुजींनी त्या तासाला रजा टाकली, त्या दिवशी मॅच नव्हती.

आता तुझ्यासाठी. नशीब, गाव, खांद्यावर घेणं, यातलं मला काही लिहू नकोस. तुझा संघ पुन्हा काट्यावर चढेल तेव्हा आधी एकेकाची तीन बोटं बघ. ज्याची जाणार नाहीत, तो पंचेचाळीस किलोचा असला तरी घरी पाठव. आणि पोरांच्या आधी तू स्वतः आरशापुढं उभा राहा. त्यांच्याबरोबर माळा तूही तोडत होतास, असं सुमेध म्हणाला. तुझी किती गेली तेवढंच एका कार्डावर कळव.

मिश्री पाठवू नकोस.

सत्यशीला


(पोस्टकार्ड)

आष्टी
२ सप्टेंबर २००२

आक्कास जयभीम.

पत्र पोचलं. सुमेधची काळजी घे. सध्या नवीन पोरांचा संघ बांधतोय, पुढल्या महिन्यात परतूरला स्पर्धा आहे. या वेळी बनियन दूध डेअरीनं दिलेत. पोरांची तू सांगितल्याप्रमाणे बोटं पाहिली. सगळी बराबर आहेत. पाऊस कमी आहे. बाकी ठीक.

वसंता

(कडेला, आडव्या ओळीत, दुसऱ्या अक्षरात)

आक्का, कार्ड टाकायला माझ्याकडं दिलं म्हणून जागा सापडली तिथं लिहिते. पोरांचं बराबर न्हाई. दोघांची दोनच गेली, तरी खेळवून राह्यले. यांनी पण आरशापुढं पाह्यलं, मी दारात होते. दोनच गेली. मंग आरसा उलटा ठेवला आणि मला म्हणले, माझी बोटंच जाड हायेत.

बेबीनंदा